विमानाची टाकी फुल करूनच का उडत नाहीत? इंधन संपायची भीती पायलटला वाटत नाही का?

मी प्रवासी जेट उडवतो, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा ऐकतो. टाकी फुल करता येते, पण जादा इंधनाचं वजन वाहून नेण्यातच त्यातलं काही जळून जातं. शिवाय उतरताना वजन मर्यादेत लागतं, आणि एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या विमानांमध्ये हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नसते.

किती भरायचं ते नियमांनी बांधलेलं आहे. टॅक्सीचं, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाण्याचं, मग प्रवासाचं, त्यावर साधारण ५ टक्के अनपेक्षित गोष्टींसाठी, मग पर्यायी विमानतळ गाठण्याचं. आणि सगळ्यांत तळाशी 'फायनल रिझर्व्ह', म्हणजे १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं. हे टाकीत ठेवूनच उतरायचं असतं. याउपर कॅप्टनला वाटलं तर तो आणखी मागू शकतो. वाटेत वादळं दिसत असली की मी बिनदिक्कत मागतो.

खरं काम उडाल्यावर सुरू होतं. ठरलेल्या टप्प्यांवर प्लॅनमधला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा ताडून बघतो. पण माझा जास्त भरवसा दुसऱ्या बेरजेवर: इंजिनांनी जाळलेलं अधिक टाकीत उरलेलं, हे निघतानाच्या आकड्याशी जुळायला हवं. बेरीज कमी भरली, तर कुठेतरी गळती असू शकते.

२४ ऑगस्ट २००१ ला टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० मध्ये नेमकं हेच झालं. उजव्या इंजिनाजवळची इंधनाची नळी फुटली होती. कॉकपिटमध्ये दिसलं ते एवढंच की उजवीकडचं इंधन डावीकडच्यापेक्षा कमी झालंय. अशा वेळी हात आपसूक क्रॉसफीडच्या बटणाकडे जातो, कारण ते दाबलं की भरलेल्या बाजूचं इंधन दोन्ही इंजिनांना मिळतं. त्यांनी ते दाबलं, तेही चेकलिस्ट न उघडता. गळतीची शंका असेल तर हे करू नका, अशी सूचना त्याच चेकलिस्टमध्ये होती. डावीकडचं चांगलं इंधनही गळतीवाटे गेलं आणि अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडली. मग मात्र त्याच वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरवलं, ३०६ च्या ३०६ माणसं वाचली. हे निव्वळ कौशल्य, त्याला तोड नाही.

भीतीचं म्हणाल तर तिची जागा आकड्यांनी घेतलेली असते. आणखी उशीर झाला तर रिझर्व्हला हात लागेल असं दिसलं की जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला 'मिनिमम फ्युएल' कळवायचं. रिझर्व्ह शाबूत ठेवून उतरता येणारच नाही असा हिशोब आला, तर 'मेडे फ्युएल', म्हणजे थेट आणीबाणीची हाक. इथे भीड चालत नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ एव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं त्यांनी रेडिओवर सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता.

तेव्हा घिरट्या घालून तुमच्या विमानाने दुसऱ्याच विमानतळाचा रस्ता धरला, तर घाबरू नका. बहुधा तिथे पोहोचून वर अर्धा तास उडण्याइतकं इंधन तेव्हा शिल्लक असतं, आणि ते तसंच राहावं म्हणूनच वळलेलो असतो.