टेक्स्टमधून इंग्लिश शिकवायचंय? आधी इंटर्नलच्या पेपरचं बघा

सर, टेक्स्ट शिकवता शिकवता पोरांचं इंग्लिश कसं सुधारायचं, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचेच जुने दिवस आठवले. टीवायबीएचा स्पेशल इंग्लिशचा वर्ग, बहुतेक पोरं मराठी माध्यमाची, नेमलेलं पुस्तक कोणी उघडत नाही, गाईडमधली समरी पाठ, आणि वर एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतात की लिटरेचर राहू द्या, यांचं इंग्लिश ॲडव्हान्स्ड करा. जणू ही दोन वेगळी खाती आहेत. त्यात तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणारे. माझी सुरुवात अशीच झाली, जिल्हा फक्त वेगळा.

प्लॉट, कालखंड, लेखकाचं चरित्र कसं उरकायचं ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मी सांगते ते माझ्या वर्गावरून, तुमच्याकडे लागू होईलच असं नाही.

अख्खा टेक्स्ट शिकवायचा हट्ट सोडा. एक पान घ्या आणि तासभर त्यावरच बसा. माझं आवडतं पान आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'एव्हलिन'चं, ही 1904 ची गोष्ट पुढे 1914 च्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहात आली. मुलगी खिडकीशी बसलीय, घर सोडून जायचं ठरवून बसलीय. तिथे येतं, 'शी हॅड कन्सेंटेड टु गो अवे, टु लीव्ह हर होम', आणि लगेच 'वॉज दॅट वाईज?'. वर्गाला विचारा की हा प्रश्न कोण विचारतंय. उत्तर ठरलेलं, "रायटर, मॅडम". पोरं ढ नाहीत, आपली मराठी आड येते. आपण 'ती म्हणाली की मी येते' असं बोलतो, मनातला विचारही 'हे बरोबर आहे का' असा वर्तमानातच ठेवतो, काळ मागे सरकत नाही. इंग्लिशमध्ये 'इज'चा 'वॉज' झाला, 'विल'चा 'वुड' झाला, तरी 'शी थॉट' न लिहिता ते सगळं तिच्याच डोक्यातलं राहतं. पुढे ती म्हणते नवीन घरी असं नसेल, तिचं लग्न झालेलं असेल, सगळं 'वुड'मध्ये. आणि पोरांना शाळेपासून 'वुड' म्हणजे 'वुड यू प्लीज', विनंती, विषय संपला. त्यांना ते तिचं भविष्य आहे हे दिसतच नाही, मग त्यांच्या लेखी गोष्टीत काही घडतच नाही, आणि गोष्ट बोअर आहे म्हणतात.

मग तो पॅरा फर्स्ट पर्सन प्रेझेंटमध्ये लिहून घ्यायचा, 'इज धिस वाईज?' वगैरे, आणि दोन्ही मोठ्याने वाचायचे. फरक कानाला कळतो. त्यानंतर उलटा प्रवास, त्यांच्याच घरातला एखादा अडकलेला निर्णय, पोलीस भरती की एमए, बहिणीचं स्थळ, थर्ड पर्सनमध्ये दीडशे शब्द, अट एकच की 'थॉट' आणि 'फेल्ट' वापरायचे नाहीत. एवढं जमलं ना, की रिपोर्टेड स्पीचचे शंभर एक्सरसाइज टळतात असं माझं मत आहे, ग्रामरवाले सहकारी सहमत नसतील.

दुसरं पान अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स'चं. स्पेनमधलं एक स्टेशन, एक पुरुष, एक मुलगी, ट्रेनची वाट बघत पीत बसलेत आणि एका ऑपरेशनबद्दल बोलतायत. गर्भपात हा शब्द गोष्टीत एकदाही नाही. गाईडमध्ये मात्र पहिल्याच ओळीत! म्हणून गाईड उघडायच्या आत हे वाचून घ्या. बरेच संवाद कोण बोललं ते न सांगता येतात, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने 'म' (मुलगी) की 'त' (तो) लिहायला लावा, मध्येच ताळमेळ चुकतो आणि पोरं आपणहून मागे जाऊन वाचतात, जे तुम्ही ओरडून करवू शकत नाही. शेवटाकडे ती त्याला बोलणं थांबव म्हणते त्यात 'प्लीज' लागोपाठ सात वेळा आहे. शिष्टाचाराचा शब्द, आणि ती त्याने किंचाळतेय. यावर वर्ग आपोआप बोलतो, मोडक्या का होईना इंग्लिशमध्ये बोलतो.

आता मूळ दुखणं. हे सगळं जमेल हो, वर्गात पोरं वाचतील, पण पेपरात काय येणार? मला सगळ्यात महाग पडलं ते हेच. तेव्हाच्या कॉलेजात मी इंटर्नलला, म्हणजे कॉलेज स्वतः घेतं त्या परीक्षेला, नेमलेल्याच लेखकाचा न शिकवलेला उतारा दिला, खाली प्रश्न की हे वाक्य कोणाच्या मनातलं, कशावरून, आणि शेवटी तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या बाजूने लिहा. परीक्षा समितीकडून पेपर परत, लाल पेनाने 'आउट ऑफ सिलॅबस'. मी सिलॅबसची प्रत घेऊन गेले, पहिल्याच पानावर उद्दिष्टांत लिहिलंय की विद्यार्थ्याला साहित्यिक भाषेचं विश्लेषण करता यावं. तर म्हणे, मॅडम, ऑब्जेक्टिव्ह वेगळं, युनिट वेगळं, युनिटमध्ये हा उतारा दाखवा. मग म्हणाले विद्यापीठाकडून लेखी आणा. तिकडे फोन केला तर इंटर्नल हा कॉलेजचा विषय, आम्ही लेखी देत नाही. इकडे आले तर लेखी आणलं का? तोंडी सगळे हो म्हणतात, कागदावर कोणी एक ओळ लिहीत नाही, आणि मधल्या मध्ये तारीख आली तेव्हा जुन्या क्वेश्चन बँकेतला पेपर माझ्या नावाने निघाला. 'डिस्कस द थीम ऑफ' वगैरे. सोबत मॉडेल आन्सर, पॉइंटनिहाय मार्क.

ज्या मुली टर्मभर उतारे घासत होत्या त्यांनी स्वतःच्या इंग्लिशमध्ये स्वतःचं लिहिलं, चुकांसकट. गाईडवाल्यांनी पॉइंट लिहिले. मार्क कोणाला जास्त पडले ते सांगायला नको. एकीने पेपर हातात घेऊन शांतपणे विचारलं, "मॅडम, मग ते वुड कशाला शिकलो?" पुढच्या टर्मला निम्म्या वर्गाने टेक्स्ट आणणंच सोडलं, आणि मी त्यांना दोष देऊ शकले नाही.

म्हणून माझं ऐकाल तर जूनमध्येच, शिकवायच्या आधी, इंटर्नलचा नमुना पेपर तयार करा. विभागाच्या मीटिंगमध्ये ठेवा, इतिवृत्तात 'नेमलेल्या लेखकाचा अपठित उतारा' हे शब्द येऊ द्या, एचओडींची सही, आणि ऑफिसात आवक नंबर टाकून एक प्रत स्वतःकडे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींना आपण सगळेच शिव्या घालतो, मीही घालते, पण कोर्स आउटकम नावाचा जो रकाना भरायला लावतात ना, त्यात हेच लिहून ठेवा. उद्या कोणी आउट ऑफ सिलॅबस म्हणालं की त्यांचीच फाईल त्यांच्यापुढे. सीएचबीवर असताना एकट्याने वाद घालायला जाऊ नका, परमनंट सहकाऱ्याचं नाव पत्रावर असू द्या. कटू आहे पण असंच आहे.

युनिव्हर्सिटीच्या एंड सेमचं तुमच्या हातात काही नाही. तिथे शेवटचे दोन आठवडे सरळ पॉइंट काढून द्या, कमीपणा मानू नका. पोरांना मार्कही लागतात.

गोष्टींच्या झेरॉक्स वर्गात वाटल्या तर चालतं का, हे विचारलंय ते: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे जॉइस, कथाकार कॅथरीन मॅन्सफिल्ड केव्हाच मोकळे, आणि हेमिंग्वे 1961 साली गेला म्हणजे 2022 पासून तोही. हयात लेखकांच्या उताऱ्यांसाठी दिल्ली हायकोर्टाचा 2016 चा कोर्सपॅकवाला निकाल बघा, शिक्षकाच्या बाजूचा आहे, पण मी वकील नाही. ऐकवायला लिब्रीव्हॉक्स या वेबसाइटवर जुनी पुस्तकं फुकट आहेत, वाचणारे हौशी असतात, आधी स्वतः ऐकून घ्या. वर्गात मराठी बोलायची की नाही यावर लोक भांडतात, मी चर्चा मराठीत चालू देते, लिहायचं मात्र इंग्लिशमध्येच आणि वर्गातच, हाताने. घरी दिलं की एआयचं गुळगुळीत उत्तर येतं, चाळीस वह्यांत एकच.

आणि हो, विषय नाही पण सांगते, तासांची नोंद स्वतःच्या वहीत वेगळी ठेवा आणि दर आठवड्याला एचओडींची सही घेत चला. बिलाच्या वेळी मस्टर सापडत नाही.