वाचकांचे प्रश्न : वाफसा आल्याशिवाय मैदानात उतरू नका

प्रश्न : न्यू जर्सीत मुलीच्या लिटल लीग (मुलांच्या बेसबॉल) संघाचं मैदान तयार करायचं काम यंदा आम्हा पालकांकडे आलंय. बर्फ गेला, रॉबिन पक्षी दिसू लागले, पण इनफील्डची, म्हणजे बेसभोवतीच्या आतल्या भागाची, माती अजून बुटाला चिकटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी थांबा. वरची माती मऊ झाली तरी खालचा थर गोठलेला असू शकतो, मग पाणी मुरणार कुठे? अशा चिखलात माणसं किंवा यंत्रं फिरली की माती दबून घट्ट होते आणि हंगामभर तिथेच डबकं साचतं. शेतकरी वाफशाची वाट बघतो, तशीच इथेही बघायची. दोन-तीन इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा. बोटानं टोचल्यावर तो फुटला तर कामाला लागा. बोटाला लिबलिबीत चिकटला तर मैदान बंद ठेवा, सराव कितीही अडला तरी.

मग गवताची कड बघा. या कामाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. वर्षभर माती सपाट करायची जाळी ओढताना माती गवतात ढकलली जाते आणि कडेला बांध तयार होतो. त्यानं पाणी इनफील्डवर अडतं आणि जमिनीलगत येणारा चेंडू उसळून मुलांच्या तोंडावर येतो. बांध लहान असेल तर ताठ झाडूनं किंवा पाण्याच्या जोरदार धारेनं माती गवतातून बाहेर काढा. मोठा असेल तर गवताचा पट्टा उचलून, खालची माती खरवडून, पट्टा पुन्हा बसवा. पुढे जाळी गवताच्या फूटभर अलीकडेच थांबवा आणि कडेनं दाताळं हातानं, कडेला समांतर फिरवा.

माउंडवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यावर, पिचिंग रबर (त्याच्या पायाखालची पट्टी) गोठणीनं वर उचललेलं असतं, म्हणून सगळी मापं नव्यानं घ्या. होम प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) मागच्या टोकापासून रबराच्या पुढच्या कडेपर्यंत ४६ फूट, उंची प्लेटपेक्षा ६ इंच, बेसमधलं अंतर ६० फूट. पिचरचा पाय पडतो तिथला खड्डा भरताना जुनी माती खरवडून ओलसर करा, मग चिकणमाती इंच-इंच थरानं घालून धुम्मसानं चोपा. कोरड्या, गुळगुळीत तळावर घातलेला थर जुन्या मातीला धरत नाही आणि पहिल्याच सामन्यात खपल्यांसारखा निघतो.

डबकं झाडूनं लोटू नका. पाण्याबरोबर माती जाते, खड्डा वाढतो. हातपंपानं किंवा स्पंजनं पाणी काढा, तळ मोकळा करा, मगच भर घाला.

प्रश्न : आउटफील्डला (बाहेरच्या गवताळ भागाला) टक्कल पडलंय. फोर्सिथिया (पिवळ्या फुलांचं झुडूप) फुलला की तणनाशक टाकतात म्हणे. त्याच वेळी गवताचं बी पेरलं तर चालेल?

उत्तर : एकाच जागी नाही. फोर्सिथियाचा पिवळा बहर ही क्रॅबग्रास हे तण उगवायची वेळ जवळ आल्याची खूण आहे. तेव्हा जमिनीचं तापमान साधारण ५५ अंश फॅरनहाइट असतं. पण उगवण रोखणारी बहुतेक औषधं पेरलेलं बीही रोखतात. टकलावर औषध न टाकता रायग्रास पेरा, ते ५ ते १० दिवसांत उगवतं. ब्लूग्रासला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सामने सुरू झालेले असतात.

प्रश्न : रेघांसाठी घरातला चुना वापरू का?

उत्तर : मुळीच नको. विरी गेलेला चुनासुद्धा त्वचा आणि डोळे भाजतो, आणि मुलं त्या रेघांवर घसरून पडतात. फक्की कॅल्शियम कार्बोनेटचीच घ्या. पोत्यावरचं नाव वाचूनच विकत आणा.