दोन बरोबरीचे रॉक बँड एकत्र टूर करतात तेव्हा शेवटी कोण वाजवणार हे कसं ठरतं? आणि मधल्या अर्ध्या तासात अख्खं स्टेज कसं बदलतं?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत उन्हाळ्यातल्या अशा टूरची तिकिटं काढली आहेत, पण आधी कोण आणि नंतर कोण हे कुठेच छापलेलं नाही. ते मुद्दामच छापत नाहीत. जाहिरातीत दोन्ही नावं एकाच मापात ठेवायची, हे करारातच असतं. क्रम छापला की पहिला बँड 'ओपनिंग अ‍ॅक्ट', म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा दुय्यम, वाटायला लागतो.

आपल्याकडे सवाईत शेवटचं गाणं ज्येष्ठांचं, आधी भीमसेनांचं आणि पुढे प्रभाताईंचं, यावर कुणी वाद घालत नसे. बरोबरीच्या दोन बँडांत असा ज्येष्ठ कुणी नसतो, म्हणून पाळी लावतात. २०१८ मध्ये डेफ लेपर्ड आणि जर्नी यांनी शहरागणिक क्रम बदलला. २०२२ च्या स्टेडियम टूरमध्ये डेफ लेपर्ड आणि मॉटली क्रू यांनीही शेवटची जागा वाटून घेतली. पाळी लावताना कुठल्या शहरात कुणाची तिकिटं जास्त खपतात आणि गाव कुणाचं, हे पाहतात. जर्नी मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा, तेव्हा तिथला शेवट त्यांना हवा असणं साहजिकच.

मानापेक्षा मोठी अडचण उजेडाची. जूनअखेर शिकागोत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. सातला स्टेजवर आलेल्या बँडचे दिवे, धूर, ज्वाळा सगळं उन्हात वाया जातं. फिनिक्समध्ये घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे तिथे पावणेआठच्या आतच सूर्यास्त होतो आणि पहिल्यालाही थोडा अंधार मिळतो. म्हणून निव्वळ 'अर्धे शो तुझे, अर्धे माझे' एवढं पुरत नाही. उत्तरेकडची सगळी शहरं एकाच्याच वाट्याला पहिल्या पाळीने आली, तर महिनाभरात कुरबुर सुरू होते.

आता स्टेज. स्पीकर, दिव्यांचा सांगाडा आणि मागचा मोठा पडदा बहुधा सामाईक असतो. मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करायचं यंत्र), ध्वनी-इंजिनियर आणि वाद्यं ज्याची त्याची. साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी, उलट्या क्रमाने होतो. रात्री शेवटी वाजवणारा दुपारी आधी चेक करतो, मग त्याचं सामान मागे ढकलून काळ्या कापडाखाली झाकतात. पहिल्या बँडचा चेक नंतर होतो, म्हणजे फाटक उघडताना त्याचं सामान जागच्या जागी तयार असतं.

ड्रमसेट चाकांच्या चौथऱ्यावर असतो. आठ बाय आठ फुटांचा चौथरा नेहमीचा. माइक आधीच लावलेले आणि त्यांच्या सगळ्या वायरी एका जाड मल्टिकोर केबलमध्ये गोळा केलेल्या. पहिल्या बँडचा सेट, म्हणजे त्याचं सलग वादन, संपला की ती केबल काढायची, चौथरा बाजूला ओढायचा, दुसरा जमिनीवरच्या रंगीत टेपच्या खुणांवर आणायचा, चाकांचे ब्रेक लावायचे आणि त्याची केबल जोडायची. ड्रमसेट सामाईक का नाही ठेवत? डेफ लेपर्डचे ड्रमर रिक अ‍ॅलन घ्या. डावा हात गमावल्यानंतर त्या हाताचे ठोके ते डाव्या पायाच्या पेडलांवरून इलेक्ट्रॉनिक आवाजांनी वाजवतात. ती मांडणी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही आणि तिच्या जोडण्याही वेगळ्या.

मग लाइन-चेक, म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतो का ते पाहणं. वादक येत नाहीत. टेक्निशियन एकेक ड्रम वाजवतो, एकेक गिटार छेडतो आणि मिक्सरवरचा माणूस हेडफोनमध्ये ऐकून 'आलं' म्हणतो. चाळीस-पन्नास चॅनेल (प्रत्येक माइकची किंवा वाद्याची मिक्सरवरची वेगळी वाट) असले तरी नीट सराव असेल तर दहा मिनिटांत उरकतं. हे चालू असताना तुम्हाला फक्त रेकॉर्डेड गाणी ऐकू येतात.

नेहमीची गडबड दोन ठिकाणी होते. एक, केबल चुकीच्या खोबणीत जाते आणि बास गिटारच्या चॅनेलवर स्नेअर ड्रम वाजतो. हे निदान लगेच कळतं तरी. दुसरी जास्त त्रासदायक: उतरलेल्या बँडचे वायरलेस ट्रान्समीटर चालूच राहतात आणि नव्या गायकाच्या कानातल्या मॉनिटरमध्ये (स्वतःचा आवाज ऐकायच्या इयरफोनमध्ये) खरखर येते. अमेरिकेत रेडिओ लहरींचा ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२० पर्यंत वायरलेस माइकवाल्यांना तो सोडावा लागला. उरलेल्या जागेत त्या शहरातल्या टीव्ही वाहिन्या असतातच. म्हणून दोन्ही बँडांच्या फ्रिक्वेन्सींची यादी सकाळीच एकत्र करायची असते. वेगवेगळ्या दोन याद्या केल्या की संध्याकाळी निस्तरत बसावं लागतं.

वेळेचा हिशेब साधारण असा: ७ ते ८.३० पहिला, अर्धा तास बदल, ९ ते १०.३० दुसरा. अकराला आवाज बंद करायचा असेल तर हातात उरला अर्धा तास. वीज कडाडली तर शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचा प्रघात आहे, म्हणजे एका वादळात ती शिल्लक संपली. त्यापुढे कुणाची गाणी कापायची हे आधीच लिहून ठेवावं. वेळ संपली की मोठ्या नावांचीही गय नाही: जुलै २०१२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि बीटल्सचे पॉल मॅकार्टनी स्टेजवर असताना माइक बंद केले गेले.

क्रम ठरलेला असला तरी नियोजन कोसळू शकतं, याचं उदाहरण म्हणजे गन्स अँड रोझेस आणि मेटॅलिका यांची १९९२ ची टूर. तिथे मेटॅलिका आधी, गन्स शेवटी. ८ ऑगस्टला माँट्रियलमध्ये आतषबाजीच्या ज्वाळेत मेटॅलिकाचे गायक जेम्स हेटफील्ड भाजले आणि मेटॅलिकाचा सेट अर्ध्यावर थांबला. अशा वेळी पुढच्याने लवकर यायला हवं. झालं उलटंच. गन्स फार उशिरा आले, त्यांचे गायक अ‍ॅक्सल रोझ घशाची तक्रार करत लवकर निघून गेले आणि दंगल झाली. माझ्या मते चूक क्रमाची नव्हती. पहिला सेट मध्येच तुटला तर काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच दिसत नव्हतं.

तुमच्यासाठी सांगायचं तर, त्या दिवशी दुपारी बँडच्या किंवा थिएटरच्या सोशल मीडियावर वेळापत्रक येतं का बघा. नाही आलं तर तिकिटावरच्या वेळेला जागेवर असा, कारण पहिला सेटही पूर्ण लांबीचा असतो. अशा शोमध्ये मला तोच जास्त आटोपशीर वाटतो. खाणंपिणं आणि टी-शर्ट पहिल्या सेटच्या शेवटच्या गाण्याआधी उरकून घ्या, मधल्या अर्ध्या तासात रांग पुढे सरकत नाही. लॉनची, म्हणजे खुर्च्यांमागच्या उघड्या हिरवळीवरची, तिकिटं असतील तर रेनकोट न्या. छत्री बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.