बाल्कनी पुढे काढण्याआधी

बाल्कनी चार फुटांवरून सहा फुटांवर न्यायची आणि वर माती भरून बाग करायची म्हणतोस, तर आधी वजन मोज. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते. फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलो. घरच्या बाल्कनीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात, धरलेला भार चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास आहे! शिवाय लांबी दीडपट झाली की, तोच भार पसरलेला असला तरी, मुळाशी, भिंतीलगत, वाकवणारा जोर सव्वादोनपट होतो.

बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, त्यामुळे ओढणारा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालतात, सळई खाली दबते आणि कागदावरचा हिशेब तिथेच संपतो. मी स्लॅबच्या दिवशी स्वतः उभा राहतो, सळईखालच्या चेअर, म्हणजे तिला वर उचलून धरणारे आधार, मोजतो. मिस्त्री वैतागतो. वैतागू दे.

जुन्या स्लॅबला भोकं पाडून केमिकलने सळया बसवू, असं ठेकेदार म्हणाला तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घे: सळई आत किती जाणार, आणि मागे तिला दाबून धरणारं काय आहे? आतली भिंत पाडायचा विचार असेल, तर तेही त्याला आताच सांग; कदाचित मागून दाबून धरणारी तीच असेल.