काळी कुत्री करडी का दिसते?

प्रश्न : आमच्याकडे घोडे, शेळ्या आणि एक काळी कुत्री आहे. कामं उरकता उरकता मोबाईलवर फोटो काढते. घोड्याचं नाक भलतंच मोठं येतं आणि कुत्री करडी दिसते. काय करू?

उत्तर : नाकाचं सोपं आहे. मोबाईलची लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळची वस्तू फुगते. चार पावलं मागे या आणि दुपटीचा झूम लावा. कुत्रीचं कारण वेगळं. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच कॅमेरा उजेड मोजतो, म्हणून काळ्या अंगावर जास्त प्रकाश घेतो. पडद्यावर तिच्या अंगावर बोट टेकवा, उजेडाची पट्टी खाली ओढा, की केसांची चमकसुद्धा दिसेल. पांढऱ्या शेळीला नेमकं उलट, पट्टी जरा वर. धावत्या घोड्यासाठी शटर, म्हणजे कॅमेरा प्रकाश आत घेतो तेवढा वेळ, १/१००० सेकंद ठेवा.

मला मात्र फोटोत आधी कान दिसतात. कान पुढे असतील तर घोडा कुतूहलाने बघतोय. मागे चपटे झाले असतील तर तो वैतागलाय, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. फ्लॅश तर नकोच, जनावर बुजतं. आणि घोड्याच्या थेट मागून कधीही जाऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही.