निवृत्तांच्या वसाहतीतला गोल्फ कोर्स सांभाळायला यायचंय?

तुमचा प्रश्न असा: कृषी पदवी आहे, गोल्फ कोर्सवर सहा वर्षं काम झालंय, आता ॲरिझोनात निवृत्तांच्या वसाहतीतला कोर्स सांभाळायला यावं का? फिनिक्सजवळच्या अशाच एका वसाहतीत मला अकरा वर्षं झाली. माझं उत्तर आहे, या. पण गवतापेक्षा माणसं जास्त सांभाळावी लागतील, हे धरून या.

व्हिसाचं आधी. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर ट्रेनी म्हणून पदवी आणि नंतरचा वर्षभराचा अनुभव यावर येता येतं, पण ते प्रशिक्षण असतं, फार तर वर्ष-दीड वर्षाचं. पुढे राहायचं तर बहुतेकांना एच-१बी, म्हणजे पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांच्या व्हिसाची सोडत. दरवर्षी एकूण ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना. एच-२बी हा व्हिसा हंगामी कामगारांसाठी आहे. "तिकडे पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

इथली वसाहत म्हणजे काय तेही समजून घ्या. फिनिक्सजवळची सन सिटी ही निवृत्तांची वसाहत १ जानेवारी १९६० ला उघडली, तेव्हापासून कोर्सभोवती घरं हा इकडचा साचाच पडला. कायद्याने किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांचं किंवा त्याहून मोठं कुणीतरी राहायला हवं. बाहेरच्या क्लबात माणूस शनिवारी येतो, इथे तो रोज येतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्रही बघतो.

गवताचं काम तुम्हाला जमेल, फक्त वेळापत्रक उलटं वाटेल. उन्हाळ्यात बर्म्युडा हे गवत. सप्टेंबरअखेर त्याचं पाणी तोडून ताण द्यायचा, खरवडून कापायचं आणि वर रायग्रास हे थंडीतलं गवत पेरायचं. बी रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा हलकं पाणी, आणि कोर्स दोन-तीन आठवडे बंद. नेमके तेव्हाच थंडीपुरते येणारे रहिवासी उत्तरेकडून परतायला लागतात. पहिल्या वर्षी मी फक्त फलकावर तारखा लावल्या आणि महिनाभर बोलणी खाल्ली. आता मे महिन्यातच बैठक घेतो, बी हातात देतो, ताण का द्यायचा ते सांगतो. तेच लोक मग शेजाऱ्यांना समजावतात.

जानेवारीत पहाटे दव गोठतं. त्या गवतावर पाय पडला की पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी पावलांचे काळे ठसे उमटतात. ऊन येईपर्यंत कुणालाही सोडायचं नाही, मग समोर वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष का असेनात.

एक प्रसंग सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात उतरले, चेंडू छान बाहेर काढला आणि मग वाळूतच उभे राहिले. काठ मांडीएवढा उंच. हात द्यायला जोडीदार येईपर्यंत ते रेक धरून थांबले, मान खाली घालून. त्याच दुपारी आम्ही त्या बंकरची एक बाजू उतरती केली. पुढच्या आठवड्यात त्यांनाच बरोबर घेऊन बाकीचे सगळे बंकर पाहिले. तुम्हाला शिकवलं असेल की बंकर अवघड हवा. इथे तो खेळायला अवघड चालेल, चढायला नको. चेंडू घालायचं भोकसुद्धा मी सपाट जागीच पाडतो आणि ग्रीन्सचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा वेग स्टिंपमीटरवर (चेंडू किती घरंगळतो ते मोजायचं साधन) ९ च्या आसपास ठेवतो. टीव्हीवरचा वेग इथे कुणाला नकोय.

पाणी हा खरा जीव. १९८० च्या भूजल कायद्यामुळे फिनिक्ससारख्या भागात मोठ्या कोर्सना वर्षाचा पाण्याचा कोटा ठरलेला असतो. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर क्षार साचतात, निचरा बघावाच लागतो. वाफसा ओळखणारा हात असेल तर इथे त्याचं सोनं होतं. ओलावा मोजायचे मीटर आहेत, तरी मी रोज मातीचा एक नमुना काढून बोटांनी दाबून बघतो.

फवारणीसाठी राज्याचं प्रमाणपत्र लागतं, अभ्यास आत्तापासून करा. स्पॅनिशही शिका, माझ्या टोळीतले बहुतेक जण तीच बोलतात.

मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा: गेल्या तीन वर्षांत पाणी किती वापरलं आणि कोटा किती होता, स्प्रिंकलरच्या पाइपलाइन कधी टाकल्या, आणि कोर्स बंद ठेवायच्या तारखा कोण ठरवतं, तुम्ही की मंडळ. तिसऱ्याला उत्तर देताना ते घुटमळले, तर मला फोन केल्याशिवाय होकार कळवू नका.