मिसळीच्या रीलवर ट्रम्पेटची ललकारी इतकी का शोभते? आणि माझ्या रीलमध्ये ती फुसकी का वाटते?

शोभते त्याचं मोठं कारण फोनचा स्पीकर. त्यातून साधारण ३०० हर्ट्झखालचं, म्हणजे खर्जातलं, फारसं काही ऐकूच येत नाही. विसर्जन मिरवणुकीचे व्हिडिओ आठवा, ढोलाचा नुसता टपटपाट होतो. ट्रम्पेटचा जोर १ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास बराच असतो, म्हणून तो लक्ष्मी रोडच्या गोंगाटातही कापत जातो. शिवाय जुन्या, बिनकळीच्या (सूर बदलायची बटणं नसलेल्या) ट्रम्पेटमधून मोजकेच सूर निघायचे, त्यामुळे ललकारी प-सा-ग-प अशा उड्यांवर बांधलेली. दोन सुरांत कळतं, स्वारी येतेय! आणि पडद्यावर येते कटाची वाटी. गंमत तिथेच आहे.

फुसकी वाटते ती बहुतेकदा वेळ चुकल्यामुळे. एमपी३ फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता असते. वेव्ह (.wav) फाइल घ्या, वेव्हफॉर्म, म्हणजे एडिटरमध्ये दिसणारा आवाजाचा आलेख, मोठा करून पहिल्या उभारापर्यंत कापा. मग शेवटचा लांब सूर दृश्य बदलून वाटी दिसते त्या क्षणावर बसवा, पहिला नव्हे. आधीचे सूर वाटी दिसण्यापूर्वीच वाजले पाहिजेत. एकूण दीड-दोन सेकंद पुरे. तेवढ्यापुरतं मागचं संगीत १०-१२ डेसिबल खाली घ्या. शेवटी २०० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरवा, नाहीतर घुमारा पुढच्या वाक्यावर चढतो. आवाज चिरकत असेल तर त्याचं शिखर (सर्वात मोठा आवाज) मायनस १ डेसिबलवर आणा.

फिल्म स्टुडिओच्या लोगोची धून मात्र उचलू नका, कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. तुतारी वापरलीत तर थाट तोच, पण लोक हसणार नाहीत, सावरून बसतील.